‘स्टार्व्ह्ड’ म्हणजे उपाशी नव्हे

रात्रपाळीचा माझा पहिलाच आठवडा. पहाटेचे चार वाजत आले होते. खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजींनी हात हलवून मला जवळ बोलावलं आणि बारीक आवाजात म्हणाल्या, “आय’म स्टार्व्ह्ड, लव्ह.” मला पोटात कालवलं. संध्याकाळी बिचारीने ताट तसंच परत पाठवलं होतं. मी लगेच पँट्रीत गेले, दोन टोस्ट भाजले, लोणी लावलं, चहा केला. आजींनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि निमूटपणे एक टोस्ट खाल्ला. खाऊन झाल्यावर पुन्हा तेच, “स्टिल स्टार्व्ह्ड, लव्ह.” मी दुसरा टोस्ट पुढे केला.

तेवढ्यात आमची हेल्थकेअर असिस्टंट आली. साठीच्या घरातली बाई, जन्म त्याच गावातला. तिने एक अक्षर न बोलता कपाटातून ब्लँकेट काढलं आणि आजींच्या अंगावर घातलं. आजींनी डोळे मिटले. बाहेर आल्यावर तिने मला सांगितलं, की इकडे जुनी माणसं ‘स्टार्व्ह्ड’ म्हणतात तेव्हा त्यांना थंडी वाजत असते.

गाव इंग्लंडमधलं, उत्तरेकडच्या दक्षिण यॉर्कशरमधलं, बार्न्सली आणि रॉदरहॅमच्या पट्ट्यातलं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घोळ आहेत ते बहुतेक माझेच आहेत आणि त्यात त्या लोकांचा काही दोष नाही. त्या असिस्टंट बाईला मी त्या पहाटेपासून मनातल्या मनात ‘मावशी’ म्हणायला लागले. आपल्याकडे वॉर्डात मावशी असतात, तशीच ती. नर्सला जे माहीत नसतं ते मावशीला माहीत असतं, हा नियम गडहिंग्लजपासून यॉर्कशरपर्यंत एकच.

मी गडहिंग्लज तालुक्यातली. आमच्याकडे बायका सर्रास ‘मी जातो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. नर्सिंगला पुण्यात आले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच दिवशी मी “अंघोळ करून आलो” म्हटलं आणि अख्खी खोली हसली. वर्षभरात जिभेला वळण लावलं. ‘आले-गेले’ बसलं, ‘लई’चं ‘खूप’ झालं. तेव्हा भाषेवरून हसू होण्याचा अनुभव मला होता. पण त्यावर एकदा मात केली, आता कायमची सुटका, असा माझा समज होता. त्यात आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी जाण्याआधीच्या इंग्रजीच्या परीक्षेला, ऐकण्याच्या भागात मला ८ मिळाले होते. नर्सिंग कौन्सिलला ७ पुरतात. विमानात बसताना इंग्रजीची चिंता माझ्या यादीतच नव्हती. थंडीची होती, भाजीची होती, भाड्याची होती.

खरं तर पहिली धोक्याची घंटा मुलाखतीतच वाजली होती. व्हिडिओ कॉलवर मी ठसक्यात सांगितलं, “आय पास्ड आउट इन २०१४.” समोरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने काळजीने विचारलं, की त्यानंतर पुन्हा कधी झालं होतं का? त्यांच्या इंग्रजीत ‘पास आउट’ म्हणजे बेशुद्ध पडणं. मी पदवीबद्दल बोलत होते आणि त्या माझ्या तब्येतीची नोंद घेत होत्या.

पहिले दोन महिने कानांची नुसती परवड झाली. तिथे ‘द’ हा शब्द पुरा उच्चारायची पद्धतच नाही. त्याच्या जागी घशात एक बारीकसा अडथळा येतो, संपलं. ‘होल’चं ‘ऑइल’ होतं, ‘कोल’चं ‘कॉइल’. एका आजोबांनी मला दारातूनच हुकूम सोडला, “पुट वुड इन ऑइल!” तेलात लाकूड? मी खोलीभर तेल शोधलं. म्हणायचं होतं एवढंच, की भोकात लाकूड घाल, म्हणजे दार लाव, वारा येतोय. कामावर आल्या आल्या पोर्टर मला ‘नाह देन’ म्हणायचा. ‘नाऊ देन’ हे मी आयुष्यभर शाळेतल्या बाईंच्या तोंडी ऐकलेलं, वर्गात गोंगाट झाला की. आठवडाभर मला वाटत होतं, की माझं काहीतरी चुकतंय आणि हा माणूस रोज मला त्याची आठवण करून देतोय. तो ‘काय, बरं आहे ना?’ म्हणत होता.

पण एक गोष्ट मात्र मला कानाला गोड लागली. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ‘तू’ शिल्लक आहे. बाकीच्या इंग्रजीने ‘दाऊ’ कधीच टाकून दिला आणि सगळ्यांना एकाच ‘यू’मध्ये कोंबलं, इथे ‘दा’ आणि ‘दी’ चालतं. शेफिल्डकरांच्या तोंडी त्याचा उच्चार ‘डा’ आणि ‘डी’ असा होतो, म्हणून बार्न्सलीचे लोक त्यांना ‘डी-डार’ म्हणून चिडवतात. आणि आपल्यासारखाच तिथेही मानापमान आहे. मावशीने मला एक म्हण शिकवली, “डोन्ट दी दा मी, दी दा दिसेन.” मला अरे-तुरे करू नकोस, स्वतःलाच अरे-तुरे करून बघ. हे मला समजावून सांगावंच लागलं नाही. आमच्या आत्याबाईंनी नव्या जावयाला जवळपास हेच सुनावलं होतं.

तर ज्या प्रसंगाने मी वही विकत घेतली, तो आता सांगते.

आमचा वॉर्ड श्वसनविकारांचा. त्या पट्ट्यात एके काळी गावागणिक कोळशाच्या खाणी होत्या. १९८४–८५चा मोठा संप हरल्यानंतर एकेक करून त्या बंद पडल्या. ग्राइमथॉर्पची खाण १९९३मध्ये गेली. खाणी गेल्या, पण फुफ्फुसांतली धूळ राहिली. त्यामुळे हिवाळ्यात आमच्याकडे निम्म्या खाटांवर जुने खाणकामगार. त्यातलेच एक आजोबा. बोलायला मिस्कील, डबा आणला की त्याला ‘स्नॅप’ म्हणायचे. खाणीत नेत असत तो डबा म्हणजे स्नॅप. पत्र्याच्या झाकणाच्या टक् आवाजावरून ते नाव पडलं, असं तेच सांगायचे.

एका सकाळी मी विचारलं, आज कसं वाटतंय? ते म्हणाले, “नॉट सो क्लेव्हर, लव्ह.”

मी हसले. म्हणाले, “छे छे, तुम्ही तर वॉर्डातले सगळ्यात हुशार!” त्यांनी क्षीणसं हसून मान वळवली आणि मी औषधांची ट्रॉली घेऊन पुढच्या खाटेकडे गेले. मावशी मागून पाण्याचे जग भरत येत होती. तिने त्यांचं एक बोट उचललं, ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला आणि मला हाक मारली. ८१. फुफ्फुसांच्या अशा जुनाट आजारात आम्ही हा आकडा ८८ ते ९२च्या मध्ये ठेवायला बघतो. मग पुढचा अर्धा तास डॉक्टर, मास्क, रक्ताची तपासणी, सगळी धावपळ. आजोबा सावरले. ‘नॉट सो क्लेव्हर’ म्हणजे तब्येत ठीक नाही. आणि तो माणूस खाणीत उभा जन्म काढलेला. तो ठीक नाही म्हणतो तेव्हा खरंच ठीक नसतं.

घरी येऊन मी खूप रडले. मला ते वाक्य समजलं नव्हतं म्हणून नव्हे. मला ते समजलंय, असं मला वाटलं होतं म्हणून. ‘नेश’, ‘मार्डी’, ‘जिगर्ड’ असे शब्द कानावर आले, की मी थांबायचे, विचारायचे. ‘नेश’ म्हणजे जरा गारव्याने कुडकुडणारा, ‘मार्डी’ म्हणजे गाल फुगवून बसलेला, ‘जिगर्ड’ म्हणजे पार गळालेला. विचारलं, कळलं, विषय संपला. घात करतात ते ओळखीचे शब्द. ‘क्लेव्हर’ कुणी डिक्शनरीत बघतं का?

मग शाळेतल्यासारखी दोनरेघी वही आणली. डाव्या पानावर अनोळखी शब्द, उजव्या पानावर ओळखीचा चेहरा घेऊन आलेले भामटे. डावं पान भराभर भरलं, पण अभ्यास केला तो उजव्याचा.

त्यात ‘स्टार्व्ह्ड’ पहिला. मग ‘बॅडली’: ‘आय’व्ह बीन बॅडली’ म्हणजे मी आजारी होतो, वाईट वागलो होतो, असं नव्हे. मग ‘स्पाइस’. मधुमेही बाईंची साखर अचानक चढली, कारण विचारलं तर म्हणाल्या, दुपारी थोडं स्पाइस खाल्लं. मी तत्परतेने समजूत घातली, की मसाल्याने साखर वाढत नाही, आम्ही तर रोज खातो. त्यांच्या खणात लिमलेटच्या गोळ्यांची पिशवी निघाली. दक्षिण यॉर्कशरमध्ये स्पाइस म्हणजे गोळ्या-चॉकलेट. त्यातून रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या एका घातक नशेलाही हल्ली स्पाइसच म्हणतात; ती नोंद केसपेपरवर गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी करत नाही.

‘व्हाइल’ने मला सगळ्यात जास्त छळलं. एका पेशंटच्या मुलीला फोन केला, ती घाईत म्हणाली, “आय’म अॅट वर्क व्हाइल सिक्स.” मला वाटलं वाक्य अर्धवट तुटलं, सहा वाजता कामावर काय होणार आहे? तिकडे व्हाइल म्हणजे ‘पर्यंत’. ती सहापर्यंत कामावर होती. नऊ व्हाइल पाच, सोमवार व्हाइल शुक्रवार.

आणि जेवणं! हा घोळ तर औषधांपर्यंत जातो. एका गृहस्थांना घरी सोडताना मी सांगितलं, ही गोळी दिवसातून दोनदा, ब्रेकफास्टबरोबर आणि डिनरबरोबर. त्यांनी मान डोलावली. मावशी सहज म्हणाली, “आता तुम्ही सांगा बघू, कधी घेणार?” ते म्हणाले, सकाळी आठला आणि दुपारी बाराला. तिथे कष्टकरी घरात डिनर दुपारचं असतं आणि रात्रीच्या जेवणाला म्हणतात टी. दोन डोस चार तासांच्या अंतराने पोटात गेले असते आणि मग पुढचे वीस तास काही नाही. त्या दिवसापासून मी जेवणाचं नावच घेत नाही, घड्याळ सांगते. आणि सांगून झालं की त्यांनाच परत सांगायला लावते. हे कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. कळलं मात्र तेव्हा.

पोट साफ होण्याबद्दल मात्र मला एका फटक्यात कळलं. मावशी पेशंटला नुसतं विचारायची, “हॅव यू बीन?” कुठे जाऊन आलात, ते नाहीच. मला आजी आठवली, “परसाकडं जाऊन आलास का?” एवढ्या नाजूकपणात आपण आणि ते अगदी सख्खे.

त्याच सुमारास आमच्या जुन्या होस्टेलच्या ग्रुपवर मी हे लिहायला लागले आणि लक्षात आलं, की एकटीच फसलेली नाही. आमच्या बॅचच्या मुली कुठे कुठे पसरल्यात. डब्लिनमधलीने सांगितलेला किस्सा ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पेशंट म्हणाला, “आय’म आफ्टर टेकिंग द टॅब्लेट.” तिला वाटलं, हा गोळीच्या मागे लागलाय, हवीय त्याला. आयर्लंडमध्ये त्याचा अर्थ, आत्ताच घेतली. आयरिश भाषेची वाक्यरचना इंग्रजीत उतरलीय, म्हणे. ती दुसरी गोळी हातात घेऊन उभी होती. चार्ट बघितला म्हणून वाचली. ऑस्ट्रेलियातलीला पेशंटने सांगितलं, मला ‘क्रुक’ वाटतंय. तिच्या इंग्रजीत क्रुक म्हणजे लफंगा. तिथे तो आजारी असतो. ग्लासगोतली म्हणाली, की माझ्याकडे निदान शब्द तरी असे आहेत की चुकायची सोयच नाही: ‘पीली-वॉली’ म्हणजे पांढराफटक पडलेला, ‘वॉबिट’ म्हणजे थकून गेलेला. बेलफास्टमधलीच्या वॉर्डात सगळंच ‘वी’, म्हणजे चिमुकलं: वी सुई, वी इंजेक्शन, वी ऑपरेशन. आणि जोहान्सबर्गला गेलेलीने ‘जस्ट नाऊ’चा हिशोब दिला. तिथे ‘आय’ल डू इट जस्ट नाऊ’ म्हणजे करीन, कधीतरी. लवकर हवं असेल तर ‘नाऊ नाऊ’. यावर ग्रुपात एकमत झालं, की ‘जस्ट नाऊ’ हे आपल्या ‘आलोच’चं भावंड आहे.

सुट्टीच्या दिवशी टाऊन लायब्ररीत बसून मी थोडं वाचलंही. ‘स्टार्व्ह’चा जुना अर्थ नुसता मरणं असा होता, जर्मनचं ‘स्टेर्बेन’ त्याचं चुलत भावंड. दक्षिणेत तो भुकेने मरण्यावर गेला, उत्तरेत थंडीने मरण्यावर. म्हणजे त्या आजी चुकीचं बोलत नव्हत्याच. ‘नेश’ही जुन्या इंग्रजीतला. मुलं खेळतात त्याला म्हातारी माणसं ‘लेकिंग’ म्हणतात; तो व्हायकिंगांनी आणलेला, ज्यांनी ८६६मध्ये यॉर्क घेतलं. आमच्या गडहिंग्लजच्या बोलीत कानडी कसं मुरलंय, तसंच हे.

तिथेच मला जोसेफ राइट भेटला. ब्रॅडफर्डजवळचा, १८५५चा जन्म. लहानपणी गाढवं हाकायचा, मग गिरणीत कामाला, पंधराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. हा माणूस पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. मला पुण्यातलं होस्टेल आठवलं. ‘अंघोळ करून आलो’ला हसणाऱ्या मुलींपुढे कुणीतरी हे सहा खंड आदळायला हवे होते.

दुसरी गोष्ट माझ्या रोजच्या कामाला आली. लीड्स विद्यापीठाच्या हॅरॉल्ड ऑर्टन आणि त्यांचे सहकारी ऑयगन डीट यांनी आखलेल्या पाहणीत १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी जाऊन लोकांना तेराशेवर प्रश्न विचारले गेले. त्यातली गंमत अशी, की विचारणाऱ्याने शब्द स्वतः उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, वर्णन करायचं आणि ‘याला तुम्ही काय म्हणता?’ असं विचारायचं. मी हेच वॉर्डात सुरू केलं. “पेन?” असं विचारायचं सोडलं. छातीवर हात ठेवून विचारायचे, इथे जे होतंय त्याला तुमच्या घरी काय म्हणतात? आणि काय काय निघायचं! ‘वार्क’ म्हणजे ठणका, म्हणून पोटदुखी ‘बेलीवार्क’. ‘गिपिंग’ म्हणजे कोरड्या ओकाऱ्या. ‘निदर्ड’ म्हणजे हाडापर्यंत गारठलेला. एक आजोबा तर इतके खुलले, की त्यांनी वीस मिनिटं मला खाणीतले शब्द सांगितले आणि माझी औषधांची फेरी उशिरा संपली. सिस्टरने कान उपटले. योग्यच होतं.

दुखण्याचं मोजमाप मात्र आजही पूर्ण जमलेलं नाही. शून्य ते दहामध्ये किती, असं विचारलं की यॉर्कशरचा म्हातारा आकडा देत नाही. ‘फेअर टू मिडलिन’ म्हणतो. बरा ते मध्यम. पाय मोडलेला असला तरी बरा ते मध्यम. ‘मस्टन्ट ग्रंबल’, कुरकुर करू नये. माझ्या वहीत ‘फेअर टू मिडलिन’समोर तीन वेळा आकडा लिहून तीन वेळा खोडलाय. आता तिथे लिहिलंय, ‘चेहरा बघ’.

पुढच्या हिवाळ्यात ते ‘नॉट सो क्लेव्हर’ आजोबा पुन्हा दाखल झाले. स्ट्रेचरवरूनच मला ओळखलं. मी विचारलं, काय म्हणताय? ते म्हणाले, “फेअर टू मिडलिन.” मी हसलेबिसले नाही. त्यांचं बोट धरून चिमटा लावला, खिडकीचं दार लावलं, ब्लँकेट दुहेरी केलं, मग खुर्ची ओढून बसले. ८९. ठीक होतं. त्यांनी हे सगळं मुकाट्याने पाहिलं आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “दा’ल डू.”

हे माझ्या वहीत नव्हतं. ‘तू चालशील’? चालशील म्हणजे काय, जेमतेम? मी पडद्याबाहेर येऊन मावशीला गाठलं. ती चादरींची घडी घालत होती. तिने हात थांबवला, भुवया वर केल्या. म्हणाली, “तसं म्हणाला तो? बायकोला एकदा म्हणाला होता. लग्नात.”